जेसिकाने विमान पाडलं नव्हतं

जेसिका डुब्रॉफची गोष्ट हमखास अशी सांगितली जाते: अमेरिकेत हौशी बापाने देश ओलांडणाऱ्या सर्वांत लहान पायलटचा विक्रम व्हावा म्हणून सात वर्षांच्या पोरीच्या हाती विमान दिलं, वाऱ्यात तिला ते सावरलं नाही, ती, बाप आणि प्रशिक्षक असे तिघेही गेले. म्हणून तिथे आता लहान मुलांना विमानाच्या कंट्रोलला हात लावायलाही कायद्याने बंदी आहे. यात पूर्णपणे खरं एवढंच की तिघे गेले.

विमान कोण चालवत होतं? ११ एप्रिल १९९६ ला सकाळी वायोमिंगमधल्या शायेन विमानतळावरून ते सेस्ना १७७बी उडालं, तेव्हा जेसिका डाव्या सीटवर होती हे खरं. पण उजवीकडे परवानाधारक प्रशिक्षक जो रीड बसले होते आणि दोन्ही बाजूंना कंट्रोल होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) चौकशीअंती निष्कर्ष काढला की कंट्रोल रीड यांच्याच हातात होते. अपघाताचं मूळ कारण म्हणून नोंदला गेला तो त्यांचा उड्डाणाचा निर्णय.

मग वाऱ्याने घात केला म्हणावं का? वारा होताच. झोत ३० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या घरात, आणि वादळ धावपट्टीकडे सरकत होतं. वर विमानाचं वजन मर्यादेपेक्षा सुमारे ४४ किलो जास्त. शायेन समुद्रसपाटीपासून ६१०० फुटांवर. तिथली हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही कमी. रीड यांची सवय कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या हाफ मून बे इथली. उड्डाणानंतर वादळ टाळायला विमान उजवीकडे, पूर्वेला वळलं आणि समोरून येणारा वारा पाठीमागून येऊ लागला. अशा वेळी जमीन झपाझप मागे पळताना दिसते आणि वेग भरपूर असल्याचा भास होतो. पंखांना हवा असतो तो हवेच्या तुलनेतला वेग, आणि नेमका तोच कमी पडतोय हे ध्यानात येत नाही. वळताना तर स्टॉलची मर्यादा, म्हणजे ज्या वेगाखाली पंखांची उचल कोसळते तो वेग, आणखी वर चढते. विमान स्टॉल झालं, आणि एवढ्या कमी उंचीवर सावरायला जागाच नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर तो त्याच वर्षी झाला, पण बंदी आहे ती विक्रमासाठी, स्पर्धेसाठी किंवा प्रसिद्धीच्या कसरतीसाठी विनापरवाना व्यक्तीच्या हाती कंट्रोल देण्यावर. प्रशिक्षकाशेजारी बसून शिकणाऱ्या मुलावर नाही.

राहिला हौशी बाप. इथे मात्र आरोपात तथ्य आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलं जातं. मुलीला शिकवलं म्हणून विमान पडलं नाही. ठरलेल्या वेळी पुढच्या गावी पोहोचायचंच, या हट्टाचा त्यात वाटा होता. अवास्तव वेळापत्रक पाळण्याची धडपड, आणि त्यामागे काही अंशी माध्यमांना दिलेले शब्द, हे एनटीएसबीनेच पूरक कारण म्हणून नोंदवलं आहे. आदल्याच दिवशी कॅलिफोर्निया सोडून नेवाडामार्गे शायेन गाठलं होतं आणि शेवटचा मुक्काम होता थेट पूर्व किनाऱ्यावरच्या मॅसॅच्युसेट्सला. बरं, ज्या विक्रमापायी ही घाई, तो 'सर्वांत लहान पायलट' गट गिनिसने आधीच बंद केला होता.

शायेनला त्या सकाळी थांबणं शक्य होतं. तिथल्याच एका छोट्या प्रवासी विमानाच्या पायलटने हवामान पाहून आपलं उड्डाण लांबवलं होतं.