नवख्याने पहिला सुपरहिरो रंगवू नये

महिनाभरात तिसऱ्यांदा तोच फोटो इनबॉक्समध्ये आला. पाठवणारे वेगळे, फोटो तोच. लाल-निळा स्पायडरमॅन, छातीवर रंगाचे ओघळ, जाळीच्या खाचा बुजलेल्या, आणि खाली प्रश्न: "दादा, कुठं चुकलं?"

चुकलं ते रंगवताना नाही, विकत घेताना. हे मी तिघांनाही लिहिलं आणि तिघांनाही राग आला. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो. ज्याने आजवर एकही मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळातली छोटी मूर्ती, रंगवलेलं नाही, त्याने सुपरहिरोला हात लावू नये. आधी ऑर्क, म्हणजे सुळेवाले हिरवे राक्षस, रंगवावेत, सांगाडे रंगवावेत, लांडगे रंगवावेत. पंधरा-वीस झाले की मग या चकचकीत मंडळींकडे वळावं.

माझ्या यादीतली निम्मी माणसं सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या धंद्यातली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर फासे टाकून खेळायचे काही खेळ असतात. १९७४ साली अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, १९८३ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने वॉरहॅमर काढला. त्यात सोंगट्यांच्या जागी छोट्या मूर्ती असतात, साधारण २८ ते ३२ मिलिमीटरच्या, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या. राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटीत हात, पाय, डोकी सुटी येतात. कापायची, घासायची, चिकटवायची आणि मग रंगवायची. सुपरहिरोंचं म्हणाल तर २००२ च्या हीरोक्लिक्समध्ये ते रंगवूनच मिळायचे. २०१९ मध्ये मार्व्हल क्रायसिस प्रोटोकॉल आला. त्यातल्या मूर्ती मोठ्या, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि कोऱ्या. माझ्या इनबॉक्सातली साथ तिथली आहे.

"काय करलालास बे, बाहुल्या रंगवलालास?" असं ऑफिसातला मित्र विचारतो. होय, बाहुल्याच.

तर ऑर्क का? त्याच्या अंगावर सुरकुत्या असतात, केस असतात, साखळ्यांचं चिलखत, फाटकं कातडं, सुळे, गाठी. मूर्ती घडवणाऱ्याने तुमचं अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असतं. एक सपाट हिरवा द्यायचा आणि तो वाळला की वरून वॉश सोडायचा. वॉश म्हणजे गडद पण पाण्यासारखा पातळ रंग. तो आपसूक खाचांत उतरतो आणि उंचवटे मोकळे सोडतो. मग ड्रायब्रश. झिजलेल्या ब्रशवर फिकट रंग घ्यायचा, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि जो उरेल तो मूर्तीवर हलक्या हाताने घासायचा. तो फक्त कडांना लागतो. झाली सावली आणि झाला उजेड. हात थरथरला तरी चालतं, डाग पडला तर चिखल म्हणून खपतो. सांगाडा तर त्याहून सोपा. हाडाचा रंग, तपकिरी वॉश, वरून फिकट ड्रायब्रश, आणि एका संध्याकाळी पाच उभे राहतात.

सुपरहिरोच्या अंगावर मात्र चिकटलेला कपडा. ना सुरकुती, ना केस. वॉश सोडला की त्याला उतरायला खाचच नसते, मग तो मांडीवर साचतो आणि वाळताना कडेला वर्तुळं सोडतो, चहाचा कप ठेवल्यावर ओट्यावर पडतात तशी. ड्रायब्रश मारला तर अंगाला खडूची भुकटी फासल्यासारखं दिसतं. गेम्स वर्कशॉपच्याच सिटाडेल ब्रँडने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट नावाचे रंग काढले, एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही. ऑर्कवर ते जादू करतात. गुळगुळीत छातीवर त्यांचेही डागच पडतात. इथे एकच मार्ग असतो: अगदी पातळ रंगाचे थर, एक वाळला की दुसरा, सहा-सात वेळा, प्रत्येक थर आधीपेक्षा थोड्या कमी जागेवर. हे काम हाताला सवय असल्याशिवाय होत नाही. आणि ती सवय होते कशावर? ऑर्कवर.

दुसरी अडचण ओळखीची. माझ्या ऑर्कचा हिरवा चुकला असं कोण सांगणार? कोणीही ऑर्क पाहिलेला नाही. पण स्पायडरमॅनचा लाल कसा असतो हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. माझा पहिला स्पायडरमॅन बघून शेजारचा छोटू म्हणाला होता, "काका, हा गड्ड्यातला आहे का?" होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत मिळतात तसल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांशी त्याने माझ्या अकरा रात्रींची तुलना केली, आणि खरं सांगायचं तर बरोबर केली.

मला हे नीट कळलं ते गणपतीच्या कारखान्यात. चतुर्थीच्या महिनाभर आधी मी एका मूर्तिकाराकडे बसायला जातो. (जातो म्हणजे अडचण करतो, पण ते चहा देतात.) गणपतीचं अंगही गुळगुळीतच. पोट, सोंड, गाल, कुठेही सुरकुती नाही. म्हणूनच तिथे अंगाची सावली ब्रशने देत नाहीत, कॉम्प्रेसर लावून गनने देतात. बाहेरचे मुरलेले मिनिएचरवालेही सुपरहिरोंसाठी एअरब्रश, म्हणजे तसलीच छोटी गन, वापरतात, कारण तेच. आणि गणपतीचा चेहरा सगळ्यांना पाठ असतो, तिथे सूट नाही. त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती म्हातारेबाबाच करतात. उंदीर मात्र शिकाऊ पोरांना देतात. मी विचारलं, का? म्हणाले, "उंदराकडं कोण बघतंय?" माझी ही सगळी पोस्ट त्या एका वाक्यातून आली आहे.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या उलट चालतो. एवढ्याशा मूर्तीचे डोळे मी आधी रंगवतो, म्हणजे चुकले तर भोवतीची कातडी रंगवताना झाकता येतात. नवख्याने तर डोळे काढूच नयेत, खोबणीत वॉश सोडावा आणि गप्प बसावं.

रंगांचंही तेच. ऑर्क-सांगाड्यांचं जग तपकिरी, राखाडी, हिरवं. हे रंग बहुतेक वेळा एका-दोन हातांत झाकतात. सुपरहिरो म्हणजे लाल आणि पिवळा, आणि हे दोघे महाबिलंदर. झाकणक्षमता कमी, काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, पिवळा दिला तर शेवाळ्यासारखा दिसतो. लालाखाली आधी तपकिरी किंवा गुलाबी द्यावा, पिवळ्याखाली पांढरा किंवा मातकट पिवळा. घाई करून एकच जाड हात दिला की खाचा बुजल्याच. त्या तीन फोटोंत हेच झालं होतं.

वडील चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायच्या खात्यात होते. ते ट्यूबच्या उजेडात कधी शेड पास करायचे नाहीत. लडी बाहेर उन्हात आणायची, हातावर पसरायची, मगच होकार. मला तेव्हा तो हट्ट वाटायचा. मग मी रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवलेली एक निळी चेटकीण सकाळी गच्चीत नेली, तर ती जांभळी निघाली. आता टेबलावर दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा दिवा आहे आणि शेवटचा निकाल तरीही सकाळी आठला गच्चीतच लागतो.

गच्चीवरून आठवलं. मे महिन्यात दुपारी स्प्रे प्रायमर मारू नका. मी मारला होता. पारा बेचाळीसच्या वर, डबीतून निघालेले थेंब मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळत होते. वीस सांगाड्यांना पॉलिश पेपरसारखी खरखरीत कातडी आली. सांगाडे होते म्हणून निभावलं, जुनाट दिसतात म्हणून कौतुकही झालं. सुपरहिरो असते तर फेकावे लागले असते. उन्हाळ्यात पहाटे मारा, नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. आपल्या कोरड्या हवेत पॅलेटवरचा अ‍ॅक्रिलिकही बघता बघता वाळतो, म्हणून मी जेवणाच्या डब्याच्या झाकणात ओला स्पंज आणि वर बटर पेपर ठेवतो. नळाला चार दिवसांनी पाणी येतं पण ह्यांचा पॅलेट कायम ओला, असं आमच्या घरी म्हणतात.

ब्रश, रंग, ब्रँड यांवर मी फार बोलणार नाही. गोल ब्रश, एक नंबर, टोक धरणारा. शून्य-शून्य-शून्यच्या नादी लागू नका, त्यावरचा रंग मूर्तीला लागायच्या आधीच वाळतो. मूर्तींवर मी व्हॅलेहो वापरतो, मूर्तीखालच्या बेसवर आणि खेळातल्या भिंतींवर कॅमल. बेसला चाळलेली काळी माती आणि फेविकॉल, ती तर आपल्याकडे फुकट आहे. एकच विनंती: पडक्या भिंती रंगवताना सरसकट राखाडी फासू नका. एकदा भुईकोट किल्ल्यापाशी उभे राहा आणि तटाचा दगड बघा. त्यात काळा किती, पिवळट किती, धूळ कुठे बसलीय, ओल कुठून उतरलीय. माझ्या टेबलावरचं न्यूयॉर्क त्यामुळे थोडं सोलापूरसारखं दिसतं, त्याला इलाज नाही.

ज्यांना अजिबात धीर नाही त्यांच्यासाठी पळवाट आहे. ग्रूट घ्या. तो झाडाचा, अंगभर सालीच्या रेघा, वॉश आणि ड्रायब्रशने अर्ध्या तासात उभा. त्याच्यासोबतचा रॉकेट केसाळ, तोही सोपा. द थिंग घ्या, तो तर दगडच. नाहीतर निदान झगा असलेला कोणीतरी घ्या, घड्यांत सावली आपसूक बसते. हे सगळे नावाला सुपरहिरो, कातडीने ऑर्क.

आणि मोबाइल जरा लांब ठेवा. तुम्ही तुमच्या पहिल्या मूर्तीचा फोटो दहापट मोठा करून बघता आणि शेजारी ठेवता गोल्डन डेमनच्या विजेत्याचा. ती गेम्स वर्कशॉपची स्पर्धा आहे. तिथल्या सर्वोत्तम रंगाऱ्याला बक्षीस म्हणून अख्खी तलवार देतात. त्या माणसाने त्या एका मूर्तीवर महिने घातलेले असू शकतात. आपल्याला रविवारी चार वाजता खेळायचंय. हातभर अंतरावरून ओळखू आलं की झालं.

माझं म्हणणं कोण ऐकतं ते सांगतो. सुट्टीला भाचा आला होता, नववीतला. त्याला मी पाच सांगाडे दिले, त्याने संध्याकाळपर्यंत संपवले, चांगले केले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येईपर्यंत पठ्ठ्याने कपाटातला कोरा स्पायडरमॅन काढून लाल करून ठेवला होता. मी काही बोललो नाही, बहीण समोर होती.

रविवारी तो स्पायडरमॅन टेबलावर आला. पलीकडून आमचे अण्णा म्हणाले, "भारी झालाय की रे, कुणी केला?" मी माझ्या खुर्चीवरून बघितलं. तिथून ओघळ दिसत नव्हते. पहिल्याच फेरीत त्याला कोणीतरी उचलून इमारतीवर फेकला आणि तो आडवा झाला. भाच्याने त्याला हातात घेतला, उलटा करून निरखला आणि हळूच मला म्हणाला, "मामा, ह्याचा डावा पाय रंगवायचाच राहिलाय."