ओ दुधी, आत सरका

गेल्या मंगळवारी संध्याकाळी बोरिवली स्लो लोकलमध्ये एका पोराने मला दुधी म्हटलं. उपमा वगैरे काही नाही, सरळ हाकच.

प्रसंग एवढासा आहे. दादर स्टेशनबाहेर दुधी स्वस्त होता, घरून निरोप होता आणि पिशवी आखूड होती. त्यामुळे दुधी वीतभर, देठासकट, पिशवीबाहेर. गाडीत शिरलो तो दाराशीच अडकलो आणि माझा दुधी पुढच्या पोराच्या बरगडीत रुतला. त्याने एका कानातला इअरबड काढला, माझ्याकडे न बघता दुधीकडे बघितलं आणि म्हणाला, "ओ दुधी, आत सरका ना."

लोकलमध्ये सामानावरून हाक मारतात, हे मला काय ठाऊक नाही? 'ओ बॅग', 'ओ चष्मा', 'ए हेल्मेट'. पावसाळ्यात मी रोज छत्री असतो. त्याचं काही वाटत नाही, कारण छत्री कोणाचीही असते, त्यात आपल्या स्वभावावर शेरा नसतो. पण दुधी? ताप उतरल्यावर खायची भाजी ती. हापूसची पेटी घेऊन चाललो असतो आणि 'ओ हापूस' म्हणाला असता, तर मी हसत हसत सरकलोही असतो. वर त्याने 'सरका' म्हटलं, 'सरक' नाही. म्हणजे भाजी करायची ती करून वर अहोजाहो.

"नीट बोला जरा," मी म्हणालो. "माणसाला हाक मारायची काही पद्धत असते."

"मग काय म्हणू? अंकल?"

मी बावन्न वर्षांचा आहे. केस आहेत, ते बऱ्यापैकी काळे आहेत. अंकल आणि दुधी या दोहोंत क्षणभर मला दुधीच बरा वाटला, पण तसं तोंडावर दिसू दिलं नाही. तेवढ्यात चौथ्या सीटवरून आवाज आला, "चुकलं. साफ चुकलं."

चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने एका मांडीवर पेललेला हक्क. तिथे एक सत्तरीचे गृहस्थ होते. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. मला हायसं वाटलं. या शहरात अजून कोणीतरी आहे जो तरण्या पोराला सुनावेल.

"दुधी नाही," ते त्या पोराला म्हणाले. "हाक मारताना दुध्या म्हणायचं. अरे दुध्या."

माझी मान वळायची तिथेच थांबली. माटुंगा रोड आलं आणि गेलं.

"मी मराठीचा मास्तर. रिटायर झालो, तरी दादरला शिकवण्या घेतो. आता मला सांग, माळी. हाक मारताना?"

"माळ्या," पोरगा म्हणाला.

"कोळी?"

"कोळ्या."

"शेजारी? शेजाऱ्या. प्रवासी? प्रवाशा. ईकारान्त पुल्लिंगी नाम. मग दुधी?"

"दुध्या!" हे तीन-चार जण एकदम म्हणाले. त्यांतले दोघे तर मघापर्यंत मोबाइलवर क्रिकेट बघत होते. मास्तरांनी समाधानाने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

पण पोरगा दुसरा इअरबडही काढून उभा होता. "सर, मग हत्ती? हत्तीला कोणी हत्त्या नाही म्हणत."

मास्तरांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा चांगला प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा असा त्यांचा चेहरा झाला. "शाब्बास रे! हत्ती बदलत नाही. हत्तीला, हत्तीने, अरे हत्ती. म्हणजे प्रश्न असा आहे," इथे त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बोट केलं, "की हे माळ्याच्या वर्गातले की हत्तीच्या?"

सगळा डबा माझ्याकडे बघू लागला.

"तुमच्या घरी काय म्हणतात? दुधीची भाजी की दुध्याची भाजी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण प्रश्न इतक्या रीतसर विचारला होता की तोंडातून निघून गेलं, "दुधीची."

"आमच्यात दुध्याची," दारातला एक मालवणी म्हणाला. "दुध्याचीच," आणखी एकाने दुजोरा दिला. माहीम येईपर्यंत मतदान झालं. खिडकीपाशी एक गुजराती शेठ डोळे मिटून बसले होते, त्यांनी डोळे न उघडता मत दिलं, "हमारे में तो दूधी लेडीज होती है."

डबा हसला. मास्तर हसले नाहीत, त्यांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं. "बरोबर. गुजरातीत स्त्रीलिंगी. तिकडे प्रश्नच मिटला."

मी म्हणालो, "अहो मास्तर, पण मुळात माणसाला भाजी म्हणावं का?"

"त्याचा इथे संबंध नाही," ते म्हणाले. आणि मग, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, "जनाबाईने प्रत्यक्ष पांडुरंगाला 'अरे विठ्या' म्हटलं. तो रागावला का? तुम्ही दुध्या झालात तर काय बिघडलं?"

यावर काय उत्तर देणार? पांडुरंगाला विटेवर निवांत उभं राहायला जागा होती, एवढंच सुचलं. तेही मनात.

पोरगा म्हणाला, "सर, काका म्हटलं तर?"

"काका आकारान्त. मुलगा, मुला. घोडा, घोड्या. भोपळा असता तर भोपळ्या झालं असतं. पण काका, मामा, दादा यांना तू हाक मारलीस तरी ते बदलत नाहीत. काक्या होत नाही." शेजारचा एक जण स्वतःशीच म्हणाला, "आमचा मामा तर कशानेच बदलत नाही," आणि उदास झाला.

वांद्र्याला थोडी जागा झाली. मास्तरांनी मला जवळ बोलावलं, "अहो गृहस्थ, या." मी गेलो, कारण तिथे पंखा होता. लगेच त्याचंही स्पष्टीकरण आलं. "बघा, मी 'अहो गृहस्थ' म्हणालो. 'अरे गृहस्था' म्हणालो नाही. मान दिला की शब्दाला हात लावायचा नाही. अरे रामा, पण अहो रामराव. शब्द वाकवला की समजायचं, माणूस खालचा नाहीतर फार जवळचा." मग त्यांनी तो तक्ताच म्हणून दाखवला, जो आपण सगळ्यांनी सातवीत घोकून आठवीत विसरलेला असतो. शेवटची ओळ, संबोधन: अनेकवचनात 'नो', एकवचनात नुसती आडवी रेघ. "पाणिनीने तर याला वेगळी विभक्तीच मानलं नाही. प्रथमेतच भागवलं. कारण ज्याला हाक मारली त्याचा क्रियापदाशी काही संबंध नसतो. तो वाक्याच्या बाहेर उभा असतो."

मी तर डब्याच्याही निम्मा बाहेर उभा होतो इतका वेळ.

"आणि मराठीचं व्याकरण लिहिलं कोणी? दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म मुंबईतला. पुस्तक १८३६ चं. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुटली १८५३ साली. म्हणजे," मास्तरांनी सगळ्या डब्यावर नजर फिरवली, "मुंबईत गाडीच्या आधी सतरा वर्षं व्याकरण आलं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं, जणू सतरा वर्षं मीच उशीर केला.

ती आडवी रेघ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. अनेकवचनात आपली काय ऐट असते! 'मुंबईकरांनो', 'बंधू-भगिनींनो', नाक्यानाक्यावर हात जोडलेले फलक. अनुस्वार गाळतात, ते सोडा. फलाटावरची बाईसुद्धा रोज 'यात्रीगण' म्हणते. घोळक्यात उभं राहिलं की आपण जनताजनार्दन. घोळक्यातून एकटा बाजूला काढला की रेघ. त्या रेघेवर मग ज्याला जे दिसेल ते तो लिहितो. चष्मा, टक्कल, दुधी.

माझ्या आईने वडिलांना जन्मभर 'अहो' म्हटलं. नाव फक्त उखाण्यात, तेही पाहुण्यांनी फारच आग्रह केला तर. गणपतीच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात चुकामूक झाली की ती मोठ्याने 'अहोऽऽ' करायची आणि अर्ध्या बाजारातली लग्न झालेली माणसं वळून बघायची. वळायचे नाहीत ते एकटे आमचे वडील. ते झेंडूचा भाव करत असायचे. आई म्हणायची, यांना ऐकू येत नाही. मला आता वाटतं, त्यांना चांगलं ऐकू यायचं.

तेही एक वेळ ठीक, ती घरातली गोष्ट. बाहेर जे चालतं ते मला ठीक वाटत नाही, आणि इथे मी गंमत करत नाहीये. मागच्या पिढ्यांत रत्नागिरीहून माणसं मुंबईत घरकामाला यायची. बारशाला नाव सखाराम ठेवलेलं असो की धोंडू, शेठच्या घरात तो 'रामा'. रामा गडी. जुना रामा गावी गेला की नवा रामा. आज त्याला कोणी रामा म्हणत नाही, आपण सुधारलो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला वॉचमन म्हणतात. तो वर्षानुवर्षं फाटक उघडतोय, पण कमिटीतल्या एकालाही त्याचं नाव येत नाही. तो वॉचमन खाली येणाऱ्या पोरांना हाका मारतो, 'ए पिझ्झा, इथे सही कर', 'ए पार्सल, त्या लिफ्टने नाही'. ती पोरं वळतात. सवय झाली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांच्याशी बोलताना आवाज गोड करून 'भैया' म्हणतात आणि तो पोरगा असतो साताऱ्याचा, तोही निमूट 'हां मॅडम' म्हणतो. रिक्षावाल्याशी बोलताना सुरुवातीला 'भाऊ', मीटरवरून वाजलं की 'ए'. या शहरात समोरचा किती पगाराचा असेल, कुठल्या जिल्ह्याचा असेल, याचा हिशेब एका सेकंदात होतो आणि मग हाक तोंडाबाहेर पडते. मला बँक मेसेज पाठवते 'प्रिय ग्राहक'. हप्ता चुकला तर 'प्रिय'सुद्धा गळतं.

अंधेरीला अर्धा डबा रिकामा झाला आणि दीडपट भरला. जोगेश्वरीपर्यंत मास्तर आणि तो पोरगा यांची घट्ट दोस्ती झालेली. पोरगा कुठल्यातरी सरकारी परीक्षेची तयारी करत होता, व्याकरणाचे मार्क जातात म्हणाला. मास्तरांनी त्याला नंबर दिला. मग ते मला म्हणाले, "बसमध्ये कोणी कंडक्टरला 'मास्तर' म्हणून हाक मारली ना, की मी अजून वळतो. तिकीट मागायलाच कोणीतरी बोलावत असतं, पण मी वळतो." एवढ्या वेळात ते मला उद्देशून स्वतःबद्दल बोललेलं हे एकच वाक्य. मला त्यांच्याबद्दल जरा माया वाटायला लागली होती, तोच ते गोरेगावला उठले आणि निकाल जाहीर केला.

"दुधीवाले! हा उत्तम तोडगा. अहो दुधीवाले. मानही राहतो, शब्दही बदलत नाही. येतो, दुधीवाले."

आणि पोरगा मालाडला उतरताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "चला दुधी, भेटू." त्याच्या आवाजात खरीखुरी आपुलकी होती. शिवी परत करता येते. आपुलकीचं काय करायचं?

लोकलच्या डब्यात एकदा नाव पडलं की पडलं. बुधवारी मी दारातून आत आलो, हातात फक्त ऑफिसची बॅग, तर क्रिकेटवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "काय दुधी, आज रिकामे?" शेठनी डोळे उघडून नमस्कार केला. त्यांच्या हिशेबाने मी अजून बहुधा स्त्रीलिंगी आहे. मास्तर दादरला चढले ते लांबूनच हात करत, "दुधीवाले, अनेकवचनाचं राहिलं आपलं!" गाडी बदलावी म्हटलं तर पुढच्या गाडीला अंधेरीपर्यंत दारात लटकावं लागतं, ते या वयात जमत नाही.

म्हणून दादरला भाजी घेणंच बंद केलं. कांदिवलीला दुधी दहा रुपयांनी महाग मिळतो आणि देठाशी जून असतो. हे दहा रुपये आता कोणाकडे मागायचे?