‘काढ्यासारखी रेड वाइन’ या रिव्ह्यूला हॉटेल मालकाचं उत्तर

भाऊ, नमस्कार.

एक स्टार दिलात, त्याचा राग नाही. पण तुमचा रिव्ह्यू वाचून नेहमीची गिऱ्हाइकं फोन करून विचारतायत की बाटलीत खरंच काच निघाली का. म्हणून इथेच, सगळ्यांसमोर लिहितो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे महिन्यात भाऊ मित्रांसोबत आमच्या जळगावच्या हॉटेलात आले. नाशिकच्या शिराझची (शिराझ म्हणजे काळ्या द्राक्षाची एक जात आणि तिची रेड वाइन) बाटली आणि सोबत ‘एक्स्ट्रा तिखट’ शेवभाजी घेतली. नंतर लिहिलं की वाइन काढ्यासारखी तुरट, गोडवा नावालाही नाही, आधीच उघडून ठेवलेली असणार, रेड वाइन थंड करून देतात म्हणजे यांना काही कळत नाही, तळाशी काचेचा चुरा होता, आणि वाढणाऱ्या पोराने ‘आपल्याकडची आहे’ म्हणून गळ्यात मारली. पैसे परत मागितले आहेत.

आधी काचेचं. तो ग्लास तुम्ही काउंटरवर आणलात तेव्हा मी तिथेच होतो. तळाशी जांभळट, चमकणारे बारीक खडे होते. ते चमच्यात घेऊन मी तुमच्यासमोर चहाच्या कपातल्या उकळत्या पाण्यात टाकले, ढवळले आणि ते विरघळले. काच विरघळत नाही, भाऊ. हे रिव्ह्यूत लिहायचं राहून गेलं वाटतं. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, तेच आपल्या चिंचेतही असतं. बाटली गारव्यात राहिली की पोटॅशियमशी जुळून त्याचे खडे धरतात आणि तळाशी किंवा बुचाला बसतात. रेड वाइनमध्ये त्यांना रंग चढतो, व्हाइटमध्ये ते पांढरे दिसतात, आणि तेव्हा तर लोक जास्तच घाबरतात. पोटात गेले तरी अपाय नाही. मोठमोठ्या कंपन्या बाटलीत भरण्याआधी वाइन थंड करून ते पाडून टाकतात, म्हणून सहसा दिसत नाहीत, इतकंच.

आता थंडपणाचं. रेड वाइन ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी हे तुम्ही कुठेतरी वाचलंय, आणि ते बरोबरही आहे. फक्त ती खोली युरोपातल्या दगडी घराची, 16 ते 18 अंशांची. मे महिन्यात जळगावचा पारा 44 च्या वर जातो, आणि एसी लावूनही टेबलावर वाइन पंचविशीच्या खाली येत नाही. तशी गरम शिराझ ओतली की नाकात आधी अल्कोहोल जातं, फळाचा वास मागेच राहतो. म्हणून आम्ही बाटली फ्रीजमध्ये ठेवतो आणि वाढण्याआधी थोडा वेळ बाहेर काढतो. फार गार झाली तर उलट तुरटपणा जास्त लागतो, हेही आम्हाला माहीत आहे. आणि बाटली तुमच्या टेबलावर, तुमच्यासमोर उघडली होती.

खरा वाद चवीचा आहे, तर त्यावर सविस्तर लिहितो. आपण खातो ती द्राक्षं बिनबियांची, पातळ सालीची, गोड. वाइनची द्राक्षं वेगळी: मणी लहान, साल जाड, आत बिया. काळ्या द्राक्षाचाही गर बहुतेक जातींत रंगहीनच असतो. लाल रंग सालीतून येतो, म्हणून रस साल आणि बियांसकट आंबवतात. त्या साली-बियांतून टॅनिन नावाचा तुरट घटक उतरतो आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, तशी ओढली जाते. साखर यीस्ट खाऊन टाकतं, तिचंच अल्कोहोल होतं. उरते ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन. आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘पोर्ट’ नावाने गोड रेड मिळते, आणि ती पिऊन मोठं झालेल्या माणसाला कोरडी वाइन बिघडल्यासारखी वाटते. तुमच्या बाबतीत तेच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

नाशिकच्या वाइनचा स्वभाव समजायचा तर तिथली शेती बघावी लागते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, इथे झोपतच नाही. म्हणून दोनदा छाटणी: एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, आणि पीक मात्र एकच. पाऊस संपल्यावर फळ धरतं, थंडीत भरतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते, फ्रान्समध्ये ती सप्टेंबरच्या आसपास असते. दिंडोरी-निफाडकडे रात्री चांगल्याच गार, पण फेब्रुवारी सरताना दिवसाचं ऊन तापायला लागतं आणि साखर भराभर चढते. म्हणून तिथली शिराझ जिभेला दाट, भरलेली लागते, त्यात पिकल्या काळ्या फळांचा वास आणि अल्कोहोल 13-14 टक्क्यांच्या घरात. मला त्यात थोडा धुरकटपणाही लागतो. काहींना तो खटकतो, मला आवडतो.

शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो म्हणतात, त्यावर तुम्ही ‘जाहिरातबाजी’ असं लिहिलंय. तसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं की शिराझमधला तो वास रोटुंडोन नावाच्या घटकाचा आहे आणि काळ्या मिऱ्यातही तोच असतो. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही. थंड हवेतल्या शिराझमध्ये तो जास्त, आपल्याकडच्यात बेताचाच. मेनूत आम्ही ‘किंचित मिरी’ लिहिलंय, त्यापेक्षा जास्त लिहिलेलं नाही.

फ्रान्सच्या महागड्या बाटलीशी हिची बरोबरी आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. पण बाहेरच्या वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क राहिलंय, त्यामुळे हिच्याच पैशात मिळते ती तिकडची साधी बाटली. तिच्यापुढे नाशिकची चांगली शिराझ मला केव्हाही उजवी वाटते.

आणि पोराचं. त्याने तुम्हाला सांगितलं होतं की यासोबत काळ्या मसाल्याची एक्स्ट्रा तिखट शेवभाजी घेऊ नका, मटण घ्या. तुमच्या मित्रांनी हसून ‘खान्देशात आलो आणि तिखट नाही खायचं?’ असं विचारलं, तो गप्प बसला. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन गेलं की आग वाढते, तुरटपणाही दुप्पट वाटतो. मटणाच्या चरबी-प्रथिनांशी टॅनिन जुळतं आणि तीच वाइन मऊ लागते. आमच्या मते हिची सगळ्यात चांगली जोडी हिवाळ्यातलं भरीत: कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं, मिरची जरा हात राखून, सोबत कळण्याची भाकरी. धुराला धूर भेटतो. पोराची नोकरी जाणार नाही, रिव्ह्यूत तशी मागणी केलीत म्हणून सांगितलं.

पैसे परत होणार नाहीत, कारण बाटली रिकामी झाली होती. तुरट नको असेल तर पुढच्या वेळी आमच्याकडची शेनिन ब्लां घ्या. व्हाइट आहे, हलकी, जराशी गोडसर, तिखटालाही चालते. पोर्ट आम्ही ठेवत नाही.

— मालक