टायरची बादली आणि शाहूकाळ

पितळी समया किंवा जुनी नाणी जमवणाऱ्या माणसाकडे समाज आदराने पाहतो. मी मात्र रबर, लाकूड, तार आणि कातडे एकत्र करून गावठी हातांनी बनवलेल्या जुन्या वस्तू जमवतो, त्यामुळे माझ्याकडे समाज, आणि त्यातही माझी पत्नी, नाकाला पदर लावून पाहते.

या छंदाची सुरुवात कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात झाली. गाडीच्या टायरचे तुकडे तारेने शिवून, वर लोखंडी कडी बसवलेली एक बादली तिथे पडली होती. विहिरीच्या कठड्यावर कितीही आपटली तरी पोचा येऊ नये म्हणून केलेली ही योजना मला थेट शिल्पकलेच्या जवळ जाणारी वाटली, आणि तो भाव चेहऱ्यावर उमटल्यामुळे किंमत जागच्या जागी दुप्पट झाली. "शाहू महाराजांच्या काळातली हाय, सायेब," विक्रेता म्हणाला. मी कापलेली कड उजेडात धरली. आत नायलॉनचे धागे चमकत होते. महाराजांचे निधन १९२२ साली झाले आणि नायलॉनचा शोध लागला १९३५ साली, हे मी त्याला शांतपणे समजावून सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि तितक्याच शांतपणे म्हणाला, "मग राजाराम महाराजांच्या काळातली घ्या की!" शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज १९४० पर्यंत गादीवर होते, त्यामुळे हिशेबात तो सुटला आणि मी अडकलो. नायलॉन शोधल्यापासून टायरमध्ये शिरेपर्यंत बरीच वर्षे गेली, हा मुद्दा मला घरी पोहोचल्यावर सुचला.

पुढे संग्रह वाढत गेला. जुन्या स्लिपरच्या तळव्यातून कापलेल्या चाकांची तारेची गाडी आली, सायकलच्या ट्यूबची गलोल आली, टायरच्या तळाची चप्पल आली, आणि ट्यूबच्या पट्टीत पितळी घुंगरे ओवून गळ्यात बांधलेला एक लाकडी बैल आला. वस्तू मिळवणे अवघड नाही, त्यांना जिवंत ठेवणे अवघड आहे, हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळले. नाणे शे-दोनशे वर्षे गप्प पडून राहते. रबर मात्र रागीट सासऱ्यासारखे आतल्या आत धुमसत असते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली खरी, पण त्याच गंधकाने माझ्या बैलाची घुंगरे पट्टीला टेकत होती तिथे नेमकी काळी केली. गलोल मी काचेच्या कपाटात ऐटीत ताणून ठेवली होती. ताणलेल्या रबराला हवेतला ओझोन आडव्या भेगा पाडतो, हे ज्ञान मला भेगा पडल्यानंतर प्राप्त झाले. आईला त्या भेगांची दया आली आणि टाचांना लावतात तसे तिने गलोलीला खोबरेल चोळले. तेल पिऊन गलोल फुगली, मऊ झाली, आणि आता ती कपाटाच्या फळीशी एकरूप झाली आहे.

चपलेची कथा याहून करुण आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले तिचे कातडे कोल्हापूरच्या पावसाळी हवेत बुरसते, म्हणून मी कपाटात दिवा लावला. त्या उबेने कातडे सुखावले, पण शेजारच्या लाकडी बैलाला पाठीवर उभी चीर गेली. दिवा विझवला तर चपलेचे खिळे गंजतात. टायरचा तळ तेवढा या सगळ्या धामधुमीत शांत आहे, आणि तोच या संग्रहातला सर्वांत कुरूप भाग आहे. एका कपाटातल्या चार जिनसांना चार वेगवेगळे ऋतू लागतात, आणि एवढे कोल्हापुरात एका दिवशी मिळत नाहीत.

परवा मी कामावर असताना पत्नीने दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारली. ही हकिकत मला तिनेच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगितली. त्या गृहस्थाने संग्रह जमिनीवर मांडला, घुंगरे हातात घेऊन तोलली, बादलीची कडी ओढून पाहिली आणि उरलेल्या सगळ्यावरून नजर फिरवत म्हणाला, "वहिनी, पितळ आन् लोखंड काढून द्या, घेतो. रबर आमी घेत न्हाई. ते न्यायचं असंल तर तुमीच मला काहीतरी द्या."

पत्नीने त्याला वीस रुपये देऊ केले होते. त्याने पन्नास मागितले, आणि केवळ त्या तीस रुपयांच्या घासाघिशीमुळे माझा संग्रह अजून घरात आहे. बादलीत सध्या ती कढीपत्त्याचे रोप लावणार आहे.