गळलेल्या केसाच्या टोकाची पांढरी गाठ म्हणजे मूळ नव्हे

‘गळलेल्या केसाला पांढरी गाठ दिसली की मूळ उपटलं, तिथे पुन्हा केस येत नाही’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. ती गाठ म्हणजे वाढ संपून आपसूक सुटलेल्या केसाचं टोक. केस जिथून उगवतो ती पिशवी त्वचेतच राहते. रोज 50 ते 100 केस गळणं स्वाभाविकच. न्हाण्याच्या दिवशी जास्त दिसतात. मोठा ताप किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर गळतात, तेही बहुतेक परत येतात.

खरं लक्ष भांगाकडे हवं: तो रुंदावतोय का, कपाळाचे कोपरे मागे सरकताहेत का, नवे केस बारीक येताहेत का. केस गेलेला गोल चट्टा, लाल किंवा खवलेदार त्वचा, किंवा केसांची छिद्रंच न दिसणारी गुळगुळीत त्वचा दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. त्वचेवर वण पडून केस गेले तर ते परत येत नाहीत.