‘अक्षरांचं ज्योतिष’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

जुन्या बीएमएक्स (कच्च्या वाटेवरच्या शर्यतीच्या, वीस इंची चाकांच्या) सायकलींच्या चाकांचं साल भागांवर ठोकलेल्या अक्षरांच्या ठशांवरून कसं काढायचं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘तुमच्या तक्त्याप्रमाणे माझ्या मागच्या चाकातलं शिमानोचं हब फेब्रुवारी १९८३ चं निघतं आणि सनटूरचं फ्रीव्हील मे २००० चं. मामांनी ही सायकल १९८४ साली लॉस एंजेलिसहून आणली. गेल्या आठवड्यात मी काढेपर्यंत त्या फ्रीव्हीलला कोणाचा हात लागला नव्हता. एका चाकात सतरा वर्षांचा फरक? हे अक्षरांचं ज्योतिष बंद करा. जुनं चाक बघितलं की कळतं.’ शिवाय ‘वीस इंची’ म्हणून आणलेला टायर रिमवर बसला नाही, याचाही राग होता. (हब म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, फ्रीव्हील म्हणजे मागच्या हबवर चढणारं साखळीचं दातेरी चक्र.)

‘ज्योतिष’ जरा लागलं. पण आधी माझी चूक कबूल करतो. लेखातला तक्ता फक्त शिमानोचा होता आणि त्यावर तसं लिहायचं मी विसरलो. तुम्ही तो सनटूरला लावलात, यात तुमचा काही दोष नाही.

दोन्ही कंपन्या जपानी, दोघांचीही पद्धत दोन अक्षरांची: पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. घोटाळा पहिल्या अक्षरात आहे. शिमानोचा ‘ए’ १९७६ पासून सुरू होतो, म्हणून ‘एच’ १९८३ आणि ‘वाय’ थेट २०००. सनटूरचा ‘झेड’ १९८३ ला संपतो आणि १९८४ ला पुन्हा ‘ए’ येतो. त्यामुळे सनटूरचा ‘वाय’ म्हणजे १९८२. तुमच्या हबवरचं ‘एचबी’ फेब्रुवारी १९८३ च राहतं, आणि फ्रीव्हीलवरचं ‘वायई’ मे १९८२ होतं. सतरा वर्षांचे नऊ महिने झाले! मामांच्या १९८४ शीही ते जुळतं. भाग कारखान्यातून निघून सायकलवर चढून दुकानात लागेपर्यंत एवढा काळ सहज जातो.

हीच चूक उलट्या बाजूनंही होते. ‘एसी’ ही अक्षरं शिमानोच्या भागावर असतील तर मार्च १९७६, सनटूरच्या भागावर असतील तर मार्च १९८४. आठ वर्षांत बीएमएक्सचं अख्खं जग बदललं होतं, तेव्हा आधी कंपनीचं नाव वाचा, मग अक्षरं. महिने बाराच, म्हणून दुसरं अक्षर ‘एल’च्या पुढे जात नाही. ‘एचआर’ असं काही दिसलं तर एकतर ती तारीख नव्हे, किंवा गंजामुळे ‘के’चा ‘आर’ दिसतोय. भिंग घ्या, बॅटरी तिरकी धरा. आणि कृपा करून तारेचा ब्रश लावू नका. रॉकेलचा बोळा पुरतो.

आता तुमच्या मुद्द्यात जे खरं आहे ते. अक्षरं भागाचं वय सांगतात, चाकाचं सांगत नाहीत. हब, रिम, आरे, फ्रीव्हील हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणाहून येऊन एकत्र बांधलं जातं. चाक त्यातल्या सर्वांत नव्या भागाच्या आधी बांधलेलं असूच शकत नाही, एवढंच छातीठोकपणे म्हणता येतं. तुमचं मागचं चाक फेब्रुवारी १९८३ च्या आधीचं नाही. मामांच्या प्रवासामुळे दुसरी हद्दही मिळाली, ती १९८४. यात फ्रीव्हीलवर सर्वांत कमी भिस्त ठेवायची. त्याचे दाते झिजतात, आणि आटे एकाच मापाचे असल्यानं शिमानोच्या हबवर सनटूरचं फ्रीव्हील सहज चढतं. चाक तेच राहून फ्रीव्हील दोनदा बदललेलं असू शकतं.

‘बघितलं की कळतं’ हे मात्र मान्य नाही. मी स्वतः असा फसलोय. सॅन होजेच्या एका जुन्या बाजारात पिवळट पडलेली पांढरी प्लॅस्टिकची चाकं पाहिली आणि ऐंशीच्या सुरुवातीची म्हणून खुशाल घेतली. घरी हब उघडलं तर आतला माल अगदी अलीकडचा. अंगणात ऊन खाल्लं की नायलॉन चार-पाच वर्षांतही म्हातारं दिसतं. विकणाऱ्यानं सालाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, तो माझ्या डोळ्यांनी काढला. स्कायवे ही कंपनी आजही कॅलिफोर्नियात ‘टफ व्हील’ नावाची अशी प्लॅस्टिकची चाकं बनवते, लांबून ती चाळीस वर्षांपूर्वीच्या चाकांसारखीच दिसतात. मोटोमॅग या धातूच्या चाकाचं तर नावच फसवं. स्किप हेस यांच्या सिमी व्हॅलीतल्या कंपनीनं सत्तरच्या दशकात ते काढलं. ‘मॅग’ ऐकून लोक मॅग्नेशियम समजतात, प्रत्यक्षात ते ओतीव ॲल्युमिनियम.

साच्यातून निघालेल्या अशा चाकांवर पेटंट क्रमांक असला तर तो उतरवून घ्या. अमेरिकेचं चाळीस लाखावं पेटंट डिसेंबर १९७६ च्या अखेरीस मिळालं आणि त्रेचाळीस लाखावं १९८१ संपता संपता. क्रमांकाच्या आधीचा माल तो क्रमांक अंगावर घेऊन फिरू शकत नाही. नंतरचा मात्र खुशाल फिरतो, कारण तोच साचा वर्षानुवर्षं चालतो. म्हणजे इथेही एकच हद्द मिळते, खालची.

टायरबद्दलचा तुमचा राग रास्त आहे, पण तो माझ्यावर नको. रिमवरचं ‘२०’ विसरा, त्यापुढचा आकडा बघा. दशांशात लिहिलेल्या २० × १.७५ च्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ४०६ मिलिमीटर असतो. अपूर्णांकातल्या २० × १ ३/८ चा ४५१. आणि श्विन या अमेरिकन सायकल कंपनीच्या एस-७ रिमवरचं पावणेदोन इंच, जे शाळेच्या गणितात १.७५ च आहे, त्याचा व्यास ४१९! टायरच्या कडेला ‘४७-४०६’ असं छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा दुकानदाराला सांगा. ‘वीस इंची द्या’ म्हणालात तर तो हाताला येईल ते देईल, आणि त्याचंही चुकणार नाही.

तक्त्यावर आता ‘फक्त शिमानो’ असं लिहिलंय, खाली सनटूरचा वेगळा जोडलाय. पुढच्या चाकाच्या हबवर काय आहे ते तुम्ही कळवलं नाहीत. तेही शिमानोचं असेल आणि अक्षरं ‘जी’ किंवा ‘एच’ने सुरू होत असतील, तर जोडी मूळची असण्याची शक्यता चांगली आहे. ‘के’ निघालं, म्हणजे १९८६, तर सायकल घरी आल्यावर पुढचं चाक कोणी बदललं ते मामांना विचारावं लागेल.