नासाला समांतर विश्व सापडलेलं नाहीये

परत तेच फॉरवर्ड फिरतंय, आमच्या दादरच्या सोसायटी ग्रुपवरपण आलं, की नासाला अंटार्क्टिकात समांतर विश्व सापडलं, तिथे काळ उलटा चालतो आणि ही बातमी दाबून ठेवलीय. एकेक मुद्दा घेऊया.

"नासाने शोधलं": नासाने असं कधीच म्हटलं नाही. प्रयोगाचं नाव अनिता, चालवणारी हवाई युनिव्हर्सिटी, नासाचा फक्त पैसा आणि बलून. बर्फापासून साधारण ३७ किलोमीटर वर बलूनला रेडिओ पल्स पकडणाऱ्या अँटेना टांगलेल्या.

"खालून कण आले": हा भाग मात्र खरंच विचित्र आहे, त्यामुळे नीट वाचा. कॉस्मिक रे (अवकाशातून येणारा वेगवान कण) वातावरणावर आदळला की कणांचा अख्खा शॉवर तयार होतो, त्यातून रेडिओ पल्स निघते, आणि ती बर्फावर आपटून वर आली की उलटी होऊन येते (म्हणजे लहरीचे चढ-उतार उलटे होतात). २००६ आणि २०१४ च्या फ्लाइटमध्ये दोन पल्स खालून आल्या पण उलट्या झालेल्या नव्हत्या, म्हणजे काहीतरी बर्फातूनच वर निघाल्यासारखं दिसलं. आता ज्या कोनात त्या आल्या त्या वाटेने यायचं तर हजारो किलोमीटर खडक पार करावा लागतो, आणि तेवढ्या एनर्जीचा न्यूट्रिनोसुद्धा (एरवी खडकातून आरपार जाणारा अतिशय हलका कण) मध्येच अडकतो. कोडं आहे ते हे.

"काळ उलटा": बिग बँगच्या पलीकडे आपल्या विश्वाची, काळ उलटा चालणारी, आरशातली जोडी असावी अशी एक थिअरी २०१८ मध्ये आली. त्यातला जड न्यूट्रिनो पृथ्वीच्या पोटात फुटला तर असा सिग्नल मिळेल असं काहींनी सुचवलं, बास. पलीकडून कोणी इकडे आलं असं त्यातही नाही, ते २०२० मध्ये टॅब्लॉइडवाल्यांनी जोडलं.

"दाबून ठेवलं": अहो, अनिताच्या टीमने स्वतःच पेपर छापलेत! आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत कणांचे विचित्र ट्रॅक पाहिले तेव्हा १९७५ मध्ये तेही असेच उघड छापले होते, आणि त्यांचाही पक्का उलगडा झालेला नाही. विज्ञानात हे असंच चालतं, मला तर याचाच अभिमान वाटतो.

आणि तपासणीही झालीय. दक्षिण ध्रुवावर बर्फात पुरलेल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो डिटेक्टरने २०२० मध्ये त्या दिशांना न्यूट्रिनोचा स्रोत शोधला, मिळाला नाही. अर्जेंटिनाच्या, कॉस्मिक रे टिपणाऱ्या ऑजे वेधशाळेने वर्षानुवर्षांचा डेटा चाळला, एकच संशयित घटना निघाली, तीही साध्या कॉस्मिक रेची असू शकते. बर्फाच्या आतल्या थरांवरून पल्स न उलटता परत येत असेल का, हेही तपासलं जातंय. त्या दोन पल्सचं पक्कं उत्तर अजून कोणाकडेच नाहीये.